अंतर किती पट चुकले ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवे ग्रह, फुटणारे तारे, दूरच्या दीर्घिका यांच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत आता नेमाने येतात आणि वाचक त्या आवडीने वाचतात. पण या बातम्यांतला अंतराचा आकडा फार वेळा चुकलेला असतो. मूळ शोधनिबंधात अंतर पार्सेक या खगोलशास्त्रीय एककात असते, वृत्तसंस्था त्याची प्रकाशवर्षे करते, भाषांतर होताना त्याचे किलोमीटर होतात. या तीन हातांतून जाताना कुठेतरी शून्ये गळतात, नाहीतर गुणायच्या जागी भागले जाते. छापील आकड्यावर लोकांचा विश्वास असतो. तो शाळेच्या प्रकल्पात उतरतो, स्पर्धा परीक्षेच्या टिपणांत जातो आणि मग काही केल्या खोडून निघत नाही. म्हणून ही रूपांतरे कशी करायची, कुठे घसरायला होते आणि का, हे सविस्तर लिहीत आहे. जागेअभावी पत्र छाटावे लागले तर शून्यांचा भाग तेवढा राहू द्यावा, ही विनंती.

आधी एकके. खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांतले सरासरी अंतर, असे आपण शिकतो आणि समजुतीला ते ठीक आहे. पण २०१२ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने हे एकक थेट मीटरमध्ये बांधून टाकले: १,४९,५९,७८,७०,७०० मीटर, एक कमी नाही की एक जास्त नाही. त्याआधी ते सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाशी जोडलेल्या एका स्थिरांकावरून ठरायचे आणि मोजमाप सुधारले की शेवटचे आकडे हलायचे. पृथ्वी जानेवारीत सूर्याजवळ येते, जुलैत लांब जाते. एकक मात्र तेच राहते. बातमीसाठी १४ कोटी ९६ लाख किलोमीटर पुरे. १५ कोटी म्हटले तरी चूक पाव टक्क्याच्या आसपासच राहते.

प्रकाशाला एवढे अंतर कापायला ४९९ सेकंद लागतात, म्हणजे ८ मिनिटे १९ सेकंद. सूर्यमालेच्या बातम्यांना हा एक आकडा कायमचा पुरतो. अंतर खगोलीय एककांत घ्यावे आणि ८.३२ ने गुणावे, प्रकाशमिनिटे हाती येतात. नेपच्यून सूर्यापासून ३० एककांवर, म्हणजे सुमारे २५० मिनिटे, चार तास दहा मिनिटे. मंगळ आपल्या अगदी जवळ येतो तेव्हा ०.३७ एककावर असतो, म्हणजे संदेशाला तीन मिनिटे. सूर्याच्या पलीकडे गेला की २.६७ एककांच्या आसपास, म्हणजे बावीस मिनिटे. यानाला आज्ञा पाठवून उत्तर यायला मात्र याच्या दुप्पट वेळ लागतो. बातमीतली मिनिटे एकेरी आहेत की जाऊन-येऊन, हे लिहिलेले नसले की त्यावरून काढलेले अंतर बरोबर दुप्पट किंवा निम्मे येते.

प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नाही. ‘हजार प्रकाशवर्षांपूर्वी’ असे अजूनही छापून येते. ‘हजार किलोमीटरपूर्वी’ असे आपण कधी लिहीत नाही, तसेच हेही लिहू नये. त्याची व्याख्या दोन पक्क्या संख्यांचा गुणाकार आहे. प्रकाशाचा निर्वातातला वेग १९८३ पासून सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा ठरवून दिलेला आहे. वर्ष धरायचे ते ज्युलियन, बरोबर ३६५.२५ दिवसांचे, ३,१५,५७,६०० सेकंदांचे. गुणाकार येतो ९४,६०,७३,०४,७२,५८०.८ किलोमीटर. म्हणजे ९ लाख ४६ हजार ७३ कोटी आणि वर काही लाख. बोलताना साडेनऊ लाख कोटी.

हा गुणाकार कागदावर करून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात एक सापळा लपलेला आहे. शाळेत आपण वेग ३ लाख किलोमीटर धरतो आणि वर्ष ३६५ दिवसांचे. दोन्ही आकडे ढोबळ. तरी उत्तर येते ९,४६,०८० कोटी किलोमीटर, खऱ्या उत्तरापासून अवघे सात कोटी किलोमीटर दूर, म्हणजे लाखात एकाहूनही कमी चूक. कारण असे की ३ लाख हा वेग खऱ्यापेक्षा हजारात ०.६९ ने जास्त आहे आणि ३६५ दिवसांचे वर्ष हजारात ०.६८ ने कमी. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. आता कोणी चोखपणा म्हणून वर्ष तेवढे सुधारून ३६५.२५ केले आणि वेग ३ लाखच ठेवला, तर उत्तर होते ९,४६,७२८ कोटी. चूक ६५५ कोटी किलोमीटर, पहिल्यापेक्षा नव्वद पटींहून जास्त. वेग नेमका घेऊन वर्ष ३६५ चे ठेवले तरी तेवढीच चूक उलट बाजूला होते. अर्धवट सुधारणा अशी अंगाशी येते. दोन्ही ढोबळ घ्यावेत किंवा दोन्ही नेमके. विद्यार्थ्यांची उत्तरे चौथ्या आकड्याला जुळत नाहीत ती बहुतेक यामुळे, आणि त्यात गुणाकार चुकलेला नसतो.

पार्सेकशी लोक बिचकतात. खरे तर तो सगळ्यांत सरळ आहे, कारण तो मोजणीतून थेट निघतो. अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तशी जवळच्या ताऱ्याची जागा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकते. सरासरी अंतर म्हणजे एक खगोलीय एकक पाया धरून जो कोन होतो तो त्या ताऱ्याचा पराशय. पराशय एक विकला असेल तर अंतर एक पार्सेक. ऑक्सफर्डचे हर्बर्ट हॉल टर्नर यांनी १९१३ साली हे नाव सुचवले. २०१५ साली त्याचीही व्याख्या पक्की झाली: ६,४८,००० भागिले पाय, एवढी खगोलीय एकके. (६,४८,००० म्हणजे १८० अंशांच्या विकला.) उत्तर २,०६,२६५ एकके, ३.२६१६ प्रकाशवर्षे, ३०.८६ लाख कोटी किलोमीटर. पायची किंमत ३.१४ धरली तर उत्तर २,०६,३६९ येते. दोन हजारात एक एवढी चूक, बातमीला चालेल, गणिताच्या वहीत चालणार नाही.

यात घोटाळा होतो तो निम्म्या कोनाचा. सहा महिन्यांच्या अंतराने दोन छायाचित्रे घेतली तर ताऱ्याचे जे सरकणे दिसते ते पराशयाच्या दुप्पट असते, कारण मधला पाया दोन एककांचा झालेला असतो. ते सबंध सरकणे पराशय म्हणून सूत्रात घातले की तारा निम्म्या अंतरावर येतो.

आता एक उदाहरण सगळ्या पायऱ्यांनी करू. सूर्याखेरीज आपल्या सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी. गाया दुर्बिणीने मोजलेला त्याचा पराशय ७६८.०७ मिलिविकला. पहिली पायरी म्हणजे मिलिविकलांच्या विकला: हजाराने भागून ०.७६८०७. हीच पायरी सर्वांत जास्त वेळा राहून जाते आणि तारा हजार पट जवळ येतो. दुसरी पायरी, १ भागिले ०.७६८०७, म्हणजे १.३०२० पार्सेक. तिसरी, ३.२६१६ ने गुणून ४.२४६ प्रकाशवर्षे. किलोमीटर हवेच असतील तर ९.४६०७ लाख कोटींनी गुणून ४०.१७ लाख कोटी. ताळा दुसऱ्या वाटेने घ्यावा: १.३०२० पार्सेक गुणिले २,०६,२६५ म्हणजे सुमारे २,६८,५५० खगोलीय एकके, गुणिले १४.९६ कोटी किलोमीटर; पुन्हा ४०.१७ लाख कोटी. दोन वाटांनी तेच उत्तर आले की मधले सगळे आकडे बरोबर.

गुणायचे की भागायचे, याला पाठांतर लागत नाही. माप मोठे घेतले की आकडा लहान होतो. पार्सेक प्रकाशवर्षापेक्षा मोठा, म्हणून त्याच ताऱ्याचा पार्सेकमधला आकडा प्रकाशवर्षांपेक्षा लहानच असला पाहिजे. फक्त एकक छेदात असते तिथे हा नियम उलटतो. विश्वाच्या प्रसरणाचा दर सेकंदाला ७० किलोमीटर दर मेगापार्सेकला (दहा लाख पार्सेकला) असा देतात. तो दर दहा लाख प्रकाशवर्षांना किती, हे काढताना ३.२६ ने भागायचे, कारण टप्पा लहान झाला. उत्तर सुमारे २१.५. इथे हात आपोआप गुणायला जातो आणि २२८ उत्तर येते.

माझा मुख्य मुद्दा आता सांगतो. चुकलेला आकडा किती पट चुकला आहे, यावरून चूक कुठे झाली हे बहुधा कळते. शंका आली की छापलेला आकडा आणि खात्रीचा आकडा यांचा भागाकार करावा. ३.२६ पट फरक निघाला तर एकक बदलले पण संख्या तशीच राहिली, पार्सेकचा आकडा प्रकाशवर्षे म्हणून गेला. १०.६ पट निघाला तर गुणायच्या जागी भागले, कारण ३.२६ गुणिले ३.२६ म्हणजे १०.६. दुप्पट किंवा निम्मे असेल तर एकेरी-दुहेरी वेळ किंवा निम्मा कोन. १.६ पट असेल तर मैल आणि किलोमीटर. अमेरिकी बातमीत प्रकाशवर्ष ५.८८ लाख कोटी मैलांचे असते, तो आकडा किलोमीटर म्हणून उतरलेला दिसतो. हजार पट असेल तर मिलिविकला, किलोपार्सेक किंवा एक अख्खा मिलियन-बिलियनचा टप्पा. आणि बरोबर दहा पट किंवा शंभर पट निघाला, तर चूक खगोलशास्त्राची नसून आपल्या संख्यावाचनाची आहे.

या शेवटच्या प्रकारावर थांबायला हवे, कारण मराठीत सर्वाधिक नुकसान तोच करतो. इंग्रजी मोजणी तीन-तीन शून्यांनी पुढे जाते, आपली हजारानंतर दोन-दोन शून्यांनी. मिलियन म्हणजे दहा लाख. बिलियन म्हणजे शंभर कोटी, म्हणजेच एक अब्ज. ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. घाईत मिलियनचे लाख झाले की अंतर दहा पट घटते, मिलियनचे कोटी झाले की दहा पट वाढते, बिलियनचे कोटी झाले की शंभर पट घटते. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. ‘अडीच मिलियन’चे ‘अडीच लाख’ छापले, तर ती मोठ्या मॅगेलनी मेघाच्या शेजारी येऊन बसते, कारण तो मेघ सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर आहे. आपली सर्वांत जवळची मोठी शेजारीण आणि आपल्या आकाशगंगेची छोटी सोबतीण यांतला फरकच पुसला जातो.

याहून नाजूक भानगड खर्व या शब्दाची. आपल्या जुन्या संख्यापरंपरेत कोटीपुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म अशी नावे दर वेळी दहापटीने चढतात. म्हणून मराठी खर्व म्हणजे हजार कोटी, एकावर दहा शून्ये. हिंदीत अरबपुढे खरब शंभरपटीने येतो, एकावर अकरा शून्ये. हिंदी बातमीवरून मराठी करताना खरबचे खर्व केले की आकडा दहा पट घटतो. अर्बुद आणि अरब यांतही तोच दहाचा फरक, कारण अर्बुद दहा कोटी आणि अरब शंभर कोटी. माझे मत विचाराल तर बातमीत अब्जाच्या पुढचे एकही नाव वापरू नये. ‘लाख कोटी’ सगळ्यांना कळते आणि त्यात घोळ होत नाही. जुनी ब्रिटिश पुस्तके चाळणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: त्यांतला बिलियन हा आजचा ट्रिलियन असतो.

आता उलट बाजूची चूक, नको तितक्या नेमकेपणाची. ‘४.२४ प्रकाशवर्षे’ हा आकडा गणकयंत्रात टाकला की ४,०१,१३,४९,७२,०३,७४२ किलोमीटर असे उत्तर येते आणि ते जसेच्या तसे छापले जाते. पण ४.२४ म्हणजे ४.२३५ ते ४.२४५ यांमधले काहीही. हा अर्ध्या शतांशाचा खेळच ३१६ खगोलीय एककांचा आहे, सूर्य-नेपच्यून अंतराच्या दहा पट. शेवटचे ७४२ किलोमीटर कुठून आले? मूळ आकड्यात जितके सार्थ अंक, तितकेच उत्तरात ठेवावेत: ४०.१ लाख कोटी. हीच चूक प्रकाशवर्षांतही होते. संशोधक म्हणतात ‘शंभरेक पार्सेक’, बातमीत येते ३२६ प्रकाशवर्षे, आणि वाचकाला वाटते की कोणी एकेक प्रकाशवर्ष मोजून पाहिले. ३२.६, ३२६, ३,२६० असे आकडे दिसले की समजावे, मुळात पार्सेकचा एक गोल आकडा होता. तिथे ‘सव्वातीनशेच्या आसपास’ लिहिणे जास्त प्रामाणिक.

मात्र दोन ठिकाणी दोन आकडे दिसले म्हणजे दर वेळी रूपांतरच चुकले असे नाही. मृग नक्षत्रातला तांबडा काक्षी घ्या. हिपार्कोस उपग्रहाच्या १९९७ च्या यादीत त्याचा पराशय ७.६३ मिलिविकला होता, अनिश्चितता अधिक-उणे १.६४. उलटा केला की १३१ पार्सेक, ४२७ प्रकाशवर्षे. पण अनिश्चिततेची दोन टोके उलटी करून पाहा. ९.२७ चे येते ३५२ प्रकाशवर्षे, ५.९९ चे येते ५४४. म्हणजे एका बाजूला ७५ आणि दुसऱ्या बाजूला ११७. कोनातली चूक दोन्ही बाजूंना सारखी असली तरी अंतरातली सारखी राहत नाही, कारण १ भागिले कोन हे सरळ प्रमाण नाही. इथे ‘४२७ अधिक-उणे ९२’ असे टक्केवारीने लिहिणे चुकीचे. पुढे रेडिओ निरीक्षणे जोडून २००८ साली १९७ पार्सेक, म्हणजे ६४३ प्रकाशवर्षे असे अनुमान आले आणि २०२० मध्ये ताऱ्याच्या अंतर्रचनेवरून १६८ पार्सेक, म्हणजे ५४८. तिन्ही आकड्यांची रूपांतरे निर्दोष आहेत. बदलली ती मोजणी. अशा ताऱ्यासाठी एकच आकडा ठणकावून देण्यापेक्षा ‘साडेपाचशे ते साडेसहाशेच्या दरम्यान’ म्हणावे. कृत्तिकांचेही असेच झाले. हिपार्कोसच्या मोजणीतून १२० पार्सेक यायचे, गायाच्या मोजणीतून सुमारे १३६. म्हणजे ३९० की ४४४ प्रकाशवर्षे, हा वाद मोजणीचा होता आणि तो गायाच्या बाजूने सुटला.

गायाची यादी आता कोणीही उघडून पाहू शकतो, म्हणून हौशी अभ्यासकांसाठी दोन गोष्टी. त्या यादीत काही पराशय ऋण दिसतात. यादी बिघडलेली नाही. तारा इतका दूर असतो की मोजणीतला चढउतार कोनापेक्षा मोठा होतो. त्याला उलटे करून ऋण अंतर काढण्यात अर्थ नाही. अनिश्चितता कोनाच्या पाचव्या हिश्शाहून मोठी असेल तर नुसता भागाकार करून अंतर सांगू नये. दुसरे, २०२२ साली पूर्ण झालेल्या तिसऱ्या यादीतले पराशय सरासरीने सुमारे ०.०१७ मिलिविकलेने कमी भरतात, हे दूरस्थ क्वेसारांवरून (फार दूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांवरून) ठरले आहे. प्रॉक्झिमाला याने काहीच फरक पडत नाही. पण १,००० पार्सेकवर चूक पावणेदोन टक्क्यांच्या घरात जाते आणि ५,००० पार्सेकवर साडेआठ टक्क्यांच्या. आधी तेवढे मिळवावे, मग उलटे करावे.

गणकयंत्र आणि संगणक यांच्या चुकाही ठरावीक असतात. स्पर्शज्येचे (tan) बटण वापरून पार्सेक पडताळताना एक विकलेऐवजी नुसता १ टाकला तर यंत्र तो एक अंश समजते आणि पार्सेक ५७ खगोलीय एककांचा निघतो. स्प्रेडशीट कोन रेडियनमध्ये घेते, तिथे तेच ०.६४ निघते. बरोबर रीत अशी: १ भागिले ३,६०० अंश, त्याचे रेडियन, मग स्पर्शज्या. स्वतः आज्ञावली लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना याहून फसवी चूक भेटते. ३२ बिटांच्या पूर्णांकात सुमारे २१४ कोटींपर्यंतच संख्या मावते. किलोमीटरमध्ये अंतरे साठवली तर शनीपर्यंत सगळे सुरळीत चालते. युरेनस सुमारे २८७ कोटी किलोमीटरवर, तिथे उत्तर ऋण येते आणि निदान चूक डोळ्यांत भरते. नेपच्यूनला मात्र संख्या पूर्ण फेरा मारून पुन्हा धन होते आणि अंतर निघते सुमारे २० कोटी किलोमीटर, म्हणजे तो मंगळाच्याही अलीकडे येतो. आकडा दिसायला अगदी साधा, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. दशांश प्रकारची संख्या वापरली, किंवा सूर्यमालेतली अंतरे खगोलीय एककांतच ठेवली, की हे उद्भवत नाही.

कोणी विचारेल, सरळ सगळीकडे प्रकाशवर्षेच का वापरू नयेत? बातमीत वापरावीत. सूत्रांत नको, कारण काही सूत्रे पार्सेकसाठीच बांधलेली आहेत. ताऱ्याची निरपेक्ष प्रत (तो दहा पार्सेकवर असता तर जेवढा तेजस्वी दिसला असता ती प्रत) काढताना दृश्य प्रतीतून पार्सेकमधल्या अंतराच्या लघुगणकाची पाचपट वजा करून पाच मिळवतात. अभिजितची दृश्य प्रत ०.०३, अंतर ७.६८ पार्सेक, उत्तर ०.६०. तिथे २५ प्रकाशवर्षे घातली तर उणे १.९६ येते आणि अभिजित खऱ्यापेक्षा १०.६ पट तेजस्वी ठरतो. पुन्हा तोच १०.६. जोडताऱ्यांचे तर तोंडी होते: दोघांमधला कोन विकलांत, अंतर पार्सेकमध्ये, गुणाकार थेट खगोलीय एककांत. अल्फा सेंटॉरीच्या जोडीच्या कक्षेचा अर्धाक्ष १७.५७ विकला, अंतर १.३४ पार्सेक, म्हणजे सुमारे २३.५ एकके, सूर्य-युरेनस अंतराहून थोडे जास्त.

वेगासाठी ४.७४ हा आकडा लक्षात ठेवावा. वर्षाला एक खगोलीय एकक म्हणजे सेकंदाला ४.७४ किलोमीटर. व्हॉयेजर १ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जाते, म्हणजे वर्षाला ३.६ एकके. आणखी सोयीचे म्हणजे सेकंदाला एक किलोमीटर या वेगाने दहा लाख वर्षांत १.०२ पार्सेक कापले जातात, जवळजवळ एकास एक. त्या हिशेबाने व्हॉयेजरच्या वेगाला प्रॉक्झिमाएवढे अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. बातमीत साडेसात हजार किंवा साडेसात लाख दिसले तर शून्याची चूक तिथेच पकडता येते.

एका ठिकाणी मात्र कोणतेही रूपांतर कामाला येत नाही. फार दूरच्या दीर्घिकांबद्दल ‘१३.४ अब्ज प्रकाशवर्षे दूर’ असे छापतात. तो आकडा प्रकाशाला लागलेल्या काळाचा असतो. प्रकाश वाटेत असताना विश्व प्रसरण पावत राहिले, म्हणून जीएन-झेड११ या दीर्घिकेचे आजचे अंतर सुमारे ३२ अब्ज प्रकाशवर्षे भरते. काळाच्या पुढे नुसते ‘प्रकाश’ जोडून अंतर होत नाही. तिथे ‘तिचा १३.४ अब्ज वर्षांपूर्वीचा प्रकाश आज पोचला’ असे लिहावे, म्हणजे वाक्य खरे राहते. आकाशगंगेतल्या ताऱ्यांना आणि देवयानीसारख्या शेजाऱ्यांना हा फरक लागू नाही.

आपल्याला विनंती एवढीच की सूर्यमालेबाहेरच्या बातमीत किलोमीटर गाळावेत आणि प्रकाशवर्षांपुढे मूळ निबंधातले पार्सेक कंसात द्यावेत, अशा धर्तीवर: ‘प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२५ प्रकाशवर्षे (१.३० पार्सेक)’. कंसातल्या चार अक्षरांनी जागा फारशी जात नाही. ते दोन आकडे शेजारी असले की आपला मुद्रितशोधक पान सोडण्याआधी एकाला दुसऱ्याने भागून पाहू शकतो. भागाकार ३.२६ आला पाहिजे. तो १ आला, ०.३१ आला किंवा ३२.६ आला, तर कोणती पायरी चुकली हे वर लिहिलेच आहे.

आपला,
खगोलगणिताचा एक अभ्यासक